चालकाशी बोलू नये

गाडी चालवणाऱ्या माणसाला फोन करणाऱ्या सर्वांना,



माझे वडील एसटीत चालक होते. सातारा विभागात त्यांनी एकतीस वर्षं गाडी चालवली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं त्यांच्याच गाडीनं आजोळी जायचो आणि सगळ्यात पुढची जागा धरायला धडपडायचो. तिथून अण्णांची पाठ दिसायची, खाकी सदऱ्यावर उमटलेला घाम दिसायचा आणि त्यांच्या डोक्यावरच्या पट्टीवर रंगानं लिहिलेली ओळ दिसायची : 'चालकाशी बोलू नये.' मला वाचता यायला लागल्यावर मी ज्या पहिल्या काही ओळी आपल्या आपण वाचल्या, त्यातली ती एक. आपल्याच वडलांशी बोलायचं नाही, याचं तेव्हा फार वाईट वाटायचं. एकदा घाटात मी न राहवून "अण्णा" अशी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही की हूं केलं नाही. गाडी घाट उतरली, पुढच्या स्टँडला लागली, इंजिन बंद झालं आणि मग ते मागं वळून म्हणाले, "बोल आता. काय म्हणत होतीस?"

वाहकालासुद्धा ही शिस्त होती. वाहक आणि चालक वर्षानुवर्षं एकाच गाडीवर असायचे, एका डब्यातलं जेवायचे, पण गाडी चालू असताना त्यांच्यातला संवाद म्हणजे दोरीची घंटी. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. पन्नास माणसांचा जीव ज्याच्या हातात आहे, त्याच्या कानाशी शक्य तेवढं कमी जावं, असा त्यामागचा विचार होता. तो कुणा शास्त्रज्ञानं सांगितलेला नव्हता. रस्त्यावर आयुष्य घालवलेल्या माणसांना तो आपसूक कळला होता.

तुम्हाला हे पत्र लिहिण्याचं कारण असं, की चालकांना समजावणारं लेखन आपल्याकडे भरपूर झालं आहे. टोलनाक्यावरचे फलक, रस्ता सुरक्षा अभियानातल्या फेऱ्या, शाळेतल्या चित्रकला स्पर्धा, सगळं त्यांच्यासाठी. चालकानं फोन घेऊ नये, हे बरोबरच आहे. पण प्रत्येक फोनला दुसरं टोक असतं. त्या टोकाला आपण असतो : आई, बायको, नवरा, बहीण, साहेब, मालक, आडत्या, पार्सलची वाट पाहणारे, शाळेच्या व्हॅनची वाट पाहणारे. आपण बसलेलो असतो. आपल्या समोर भिंत असते, चहाचा कप असतो. आपल्याशी बोलणाऱ्याच्या समोर रस्ता असतो. आणि आपल्याला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

हे सगळ्यात आधी मला स्वतःला विचारायला हवं होतं. म्हणून जे घडलं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. उसाचा हंगाम जोरात होता. माझा धाकटा भाऊ कामावरून मोटरसायकलनं घरी निघाला होता. संध्याकाळी सात बेचाळीसला मी त्याला फोन लावला. अण्णांची रक्तदाबाची गोळी संपली होती, येताना मेडिकलमधून आण, एवढंच सांगायचं होतं. त्यानं फोन हेल्मेटच्या आत गालाशी सरकवला असणार, कारण आवाज दबून येत होता. "हं ताई, बोल." मागं वारा वाजत होता. तो गाडीवर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होते की मला कुठं माहीत होतं. मला माहीत होतं. मी गोळीचं नाव सांगितलं. तिथं थांबता आलं असतं. पण बोलण्याच्या ओघात मी पुढं विचारलं, की रविवारी मावशीला आणायला कोण जाणार आहे? तो म्हणाला, "बघू, मी..." आणि पुढं शब्द आलाच नाही.

फोन चालू राहिला होता. काहीतरी डांबरावरून घासत गेल्याचा लांबलचक आवाज आला. मग ट्रॅक्टरचं इंजिन ऐकू आलं. मग पळत येणाऱ्या चपला. मी "हॅलो, हॅलो" करत राहिले. कुणीतरी फोन उचलला, पडद्यावरचं नाव वाचून म्हणालं, "ताई, तुम्ही याच्या कोण? पोरगं पडलंय इथं."

रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागं लाल पट्टी नव्हती, दिवा नव्हता. तो दोष त्या ट्रॉलीवाल्याचा आहे आणि त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. पण त्याच संध्याकाळी त्याच ट्रॉलीला चुकवून पुष्कळ गाड्या पुढं गेल्या होत्या. माझ्या भावाला ती दिसली नाही. त्याचे डोळे रस्त्यावरच होते, हे तो आजही शपथेवर सांगतो, आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आत सळई घातली. नऊ महिने तो कामावर गेला नाही. डावा पाय अजून किंचित ओढतो. पोलिसांच्या कागदात 'हयगयीने वाहन चालवल्याने' असं लिहिलं गेलं. त्या कागदात माझं नाव कुठंही नाही. माझ्या फोनच्या यादीत मात्र तो कॉल होता : एक मिनिट बावन्न सेकंद.

त्याचे डोळे रस्त्यावर होते, तरी ट्रॉली दिसली नाही. हे कसं, याचं उत्तर मी नंतर शोधलं. मी विज्ञान शिकवते, पण हे मला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. बनावट रस्त्याच्या यंत्रावर माणसांना गाडी चालवायला लावून त्यांनी पाहिलं, की फोनवर बोलणारा माणूस समोरच्या वस्तूकडे थेट बघत असतानाही ती त्याच्या ध्यानात राहत नाही. डोळा बघतो, पण मन दुसरीकडं असलं की बघितलेलं आत पोचत नाही. आपल्याकडं 'लक्ष नव्हतं' असं म्हणतात, ते अक्षरशः तसंच असतं. २००६ साली त्यांनी फोनवर बोलणाऱ्या चालकांची तुलना दारू प्यालेल्या चालकांशी केली. रक्तात दारूचं जे प्रमाण त्यांच्या तेव्हाच्या कायद्यानं गुन्हा ठरायचं, तेवढं प्यालेल्यांची. बोलणारे त्यांच्यापेक्षा काही बरे ठरले नाहीत.

आणि इथं तुमच्या मनात जे येतं आहे ते मला माहीत आहे. "आमचा हा हँड्सफ्रीवर बोलतो. कानात ब्लूटूथ असतं. गाडीच्या स्पीकरवर घेतो." मीही हेच म्हणायचे. कॅनडात टोरांटोमध्ये दोन संशोधकांनी ६९९ चालकांची फोनची बिलं अपघाताच्या वेळेशी ताडून पाहिली. १९९७ साली ते प्रसिद्ध झालं. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्रीवाल्यांना त्यातून सूट मिळालेली दिसली नाही. पुढं २००५ साली ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये, अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांचा असाच अभ्यास झाला. तिथंही चौपट, आणि तिथंही फोन हातात असो की नसो. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते. याचं कारण साधं आहे. हात मोकळा झाला तरी माणूस मोकळा होत नाही, तो तुमच्याकडं आलेला असतो. तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या ऑफिसात, तुमच्या भांडणात. तुम्हीच त्याला बोलावून घेतलेलं असतं.

आपल्या कायद्यानं हाच भाग सोडून दिला आहे, असं मला वाटतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये २०१९च्या दुरुस्तीनं हातात फोन धरून गाडी चालवणं धोकादायक चालवण्यात धरलं गेलं. पहिल्या वेळी एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. रस्ता दाखवण्यापुरता फोन समोर लावायला ऑक्टोबर २०२०पासून मुभा आहे. पण कायद्याची नजर हातावर आहे. कानावर नाही.

कानाचं म्हणाल तर उत्तर प्रदेशातल्या कुशीनगरचं एप्रिल २०१८ आठवा. रखवालदार नसलेल्या रेल्वे फाटकावर शाळेची व्हॅन आली आणि गाडीखाली सापडली. १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते आणि फाटकाजवळचा माणूस ओरडत होता ते त्याला ऐकू गेलं नाही, असं त्या वेळी सांगण्यात आलं. मी शाळेत काम करते. ही बातमी मला विसरता येत नाही.

'मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोललेलं चालतं का?' हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. अण्णांच्या गाडीतली पाटी तर त्यालाही नको म्हणायची, आणि ती बसपुरती योग्यच होती. पण दोन्हींत फरक आहे, आणि तो नीट समजला तर आपली चूक काय हेही समजतं. युटाच्या त्याच मंडळींनी २००८ साली मित्रांच्या जोड्या घेतल्या. काहींना शेजारी बसून गप्पा मारायला सांगितलं, काहींना फोनवरून. चालकाला एक काम दिलं होतं, अमुक अंतरावर विश्रांतीच्या थांब्याकडं वळायचं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचं वळण चुकलं. शेजारी मित्र असलेल्या बहुतेकांना ते सापडलं. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. समोर बैलगाडी आली की तो वाक्य अर्ध्यावर सोडतो. "अरे, सांभाळ" म्हणतो. वळण आलं की आठवण करतो. घाटात आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. समोरून ट्रक ओव्हरटेक करत येत असतो आणि आपण विचारत असतो, "मग काय ठरलं? ऐकतोयस ना?" 'ऐकतोयस ना' हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेलं वाक्य आहे. त्या माणसानं त्या क्षणी आपलं ऐकू नये, एवढंच खरं तर आपण मागायला हवं.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिला धडा 'गतीचे नियम' हा आहे. मी आता तो मैदानावर शिकवते. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर. आलेला मेसेज वाचायला पाच सेकंद धरले तर ८३ मीटर. आमच्या मैदानावर शंभर मीटरची धावपट्टी चुन्यानं आखलेली असते. एका मुलाला मी सुरुवातीच्या रेषेवर उभा करते, दुसऱ्याला ८३ मीटरवर. मग सांगते, की या इथून तिथपर्यंत गाडी डोळे मिटून गेली असं समजा. पहिल्या वर्षी एक मुलगी त्या टोकावरून मागं बघत म्हणाली, "बाई, माझे पप्पा तर मला गाडी चालवतानाच फोन करतात." मी विचारलं, तू उचलतेस का? तिनं मान हलवली, हो म्हणून. त्यानंतर मी तो तास पुढं नेऊ शकले नाही. फोन करणारा चालक आणि उचलणारी नववीतली मुलगी. तिथं दुसरं टोक ती होती.

आता एकेकाला माझं म्हणणं सांगते. घरच्यांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त फोन आपलेच असतात आणि ते सगळ्यात मायेचे असतात. "कुठं आलास?" हा प्रश्न काळजीपोटीच विचारला जातो. पण जो रस्त्यात आहे तो रस्त्यातच आहे. त्याचं उत्तर आपण ऐकलं म्हणून तो लवकर पोचत नाही. पूर्वी माणूस गावाला गेला की खुशालीचं कार्ड येईपर्यंत आपण चार दिवस थांबायचो. आता वीस मिनिटं उत्तर आलं नाही की पाच मिस्ड कॉल करतो. त्या पाच कॉलनी त्या माणसाच्या खिशात किंवा समोरच्या होल्डरवर काय होतं याचा विचार करा. पहिला कॉल तो सोडतो. दुसरा सोडतो. तिसऱ्याला त्याला वाटतं की घरी काहीतरी झालंय. आणि तो उचलतो. म्हणजे जो माणूस नियम पाळत होता, त्याला आपण पुन्हा पुन्हा वाजवून नियम मोडायला लावला. एकदा फोन करा. उचलला नाही तर गाडीवर असेल असं समजा. खरंच तातडीचं असेल, दवाखाना असेल, कुणाला लागलं असेल, तर एक मेसेज टाका : 'थांबलास की फोन कर.' तो थांबेल. लोक थांबतात, त्यांना थांबायला कुणी सांगत नाही, एवढंच.

ऑफिसातल्या साहेबांना आणि मॅडमना. तुमचा माणूस साडेआठला घरून निघतो हे तुम्हाला माहीत असतं. तरी साडेआठची मीटिंग लावता आणि वर सांगता, "गाडीतच आहेस ना, मग जॉइन हो. बोलायची गरज नाही, नुसतं ऐक." पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर ताशी शंभरनं जाणारा माणूस सेकंदाला जवळपास अठ्ठावीस मीटर कापत असतो आणि त्याच्या कानात तिमाहीचे आकडे चालू असतात. मध्येच तुम्ही त्याचं नाव घेता. हे थांबवणं पूर्ण तुमच्या हातात आहे. त्याच्या हातात नाही, कारण त्याला नोकरी करायची आहे. 'प्रवासात असलेल्यांनी मीटिंगला जोडून घेऊ नये, त्यांना नंतर कळवलं जाईल' अशी एक ओळ तुमच्या निमंत्रणात घाला. तेवढ्यानं कामं अडत नाहीत.

मालकांना, आडत्यांना, ट्रान्सपोर्टवाल्यांना. आमच्या भागातून रोज संध्याकाळी भाजीचे पिकअप वाशीकडं सुटतात. भेंडी, ढोबळी, टोमॅटो, फ्लॉवर. पहाटे बाजार उघडायच्या आत पोचायचं असतं. रात्री बारा ते तीन या वेळात त्या चालकाला किती फोन येतात हे कधी विचारून बघा. गाळ्यावरून, "कुठपर्यंत आलास?" गावाकडून, "माल किती लागला?" दुसऱ्या गाळ्यावरून, "आमच्याकडं आधी टाक." झोप मारत, एकट्यानं घाट चढणाऱ्या त्या माणसाला आमचा फोन जागं ठेवतो, असं काही मालक मला म्हणाले. झोप आलेल्या माणसाला फोनची नाही, झोपेची गरज असते. गाडी कुठं आहे हे बघायला आता पुष्कळ गाड्यांवर जीपीएस आहे. तो बघा. बोलायचंच असेल तर जेवायला, डिझेलला तो कुठं थांबतो हे तुम्हाला ठाऊक असतं, तेव्हा बोला.

घरबसल्या जेवण आणि सामान मागवणाऱ्यांना, आणि ते पोचवणाऱ्या अॅप कंपन्यांना. चौथ्या मजल्यावरून आपण फोन करतो, "भाऊ, कुठे आहात? लोकेशन पाठवलंय बघा." तो मोटरसायकलवर एका हातानं लोकेशन बघतो. पत्ता पहिल्यांदाच नीट लिहा, इमारतीची खूण लिहा, आणि मग त्याला येऊ द्या. कंपन्यांकडं माझी मागणी याहून मोठी आहे. चालू गाडीवर पुढची ऑर्डर वाजते आणि ती काही सेकंदांत स्वीकारायची असते. ही घाई यंत्रानं आखलेली आहे, त्या मुलानं नाही. गाडी हलते आहे हे त्या फोनला कळतं. हलत्या गाडीवर नवी ऑर्डर वाजू नये, ती थांबल्यावर दिसावी, आणि त्यामुळं त्याचं मानधन किंवा गुण कापले जाऊ नयेत, इतकं तुम्ही आज करू शकता.

आणि पालकांना, जिथं माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो. शाळा सुटली की फाटकाबाहेर व्हॅन उभ्या असतात. एका व्हॅनमध्ये अकरा मुलं. त्या अकरा मुलांच्या आया, बाबा, आज्या त्या एका व्हॅनवाल्या काकांना फोन करतात. "काका, आज किती वाजतील?" "काका, सोनूला आज क्लासला सोडा." "काका, आम्ही कोपऱ्यावर उभे आहोत." प्रत्येक घरातून एकच फोन होतो आणि प्रत्येकाला तो साधा वाटतो. पण ज्या गाडीत तुमचं मूल बसलेलं आहे, त्याच गाडीच्या चालकाला तुम्ही फोन करताय. मी फाटकाजवळ उभी असते, व्हॅन निघताना काकांचा फोन वाजताना बघते. ते उचलतात, कारण न उचलल्याची तक्रार होते. स्कूल बससाठी आपल्या राज्यात २०११चे नियम आहेत, त्यात गाडीत सहायक असावा लागतो. त्या सहायकाच्या हातात फोन द्या आणि त्याच नंबरवर फोन करा. सहायक नसेल तर शाळेकडं मागा. तोवर संध्याकाळी चार ते पाच या वेळात काकांचा नंबर लावू नका. उशीर झाला तर दहा मिनिटं रस्त्यावर उभं राहणं परवडतं.

गाडीत बसलेल्यांना एकच. चालक फोनवर बोलायला लागला की आपण खिडकीबाहेर बघतो. वाईट दिसेल, त्याला राग येईल, असं वाटतं. मार्च २०२५मध्ये दादरहून स्वारगेटला निघालेल्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशानं त्याचं चित्रण थेट परिवहन मंत्र्यांना पाठवलं आणि कारवाई झाली. तुम्हीही तक्रार करा. पण तक्रार पोचायला वेळ लागतो आणि गाडी तेव्हा चालू असते, म्हणून त्याआधी तोंडानं सांगा. "भाऊ, गाडी बाजूला घ्या, बोला, मग निघू." मी हे आता प्रत्येक रिक्षात म्हणते. एकदाच एकानं मला उतरवलं. बाकी सगळ्यांनी गाडी बाजूला घेतली.

कुणी म्हणेल, फोन करणाऱ्याला दोष देणं हा अतिरेक आहे, उचलायचा की नाही हे चालकानं ठरवायचं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात हा प्रश्न न्यायालयात गेला होता. २००९मध्ये मोटरसायकलवरून जाणाऱ्या एका नवरा-बायकोला समोरून आलेल्या पिकअपनं धडक दिली. दोघांनीही एकेक पाय गमावला. पिकअप चालवणारा अठरा वर्षांचा मुलगा मेसेज करत होता. मेसेज ज्या मैत्रिणीशी चालले होते, तिच्यावरही त्या जोडप्यानं दावा लावला. २०१३ साली अपील न्यायालयानं त्या मुलीला जबाबदार धरलं नाही, कारण तो गाडी चालवताना मेसेज वाचेल हे तिला माहीत होतं असा पुरावा नव्हता. पण न्यायाधीशांनी तत्त्व मांडलं, की समोरचा गाडी चालवतो आहे आणि तो लगेच वाचणार आहे हे माहीत असूनही कुणी मेसेज केला, तर त्याच्यावरही जबाबदारी येऊ शकते. आपल्याकडं असा कायदा यावा, अशी माझी मागणी नाही. पण हे वाचताना मला हेल्मेटमधून येणारा तो वाऱ्याचा आवाज आठवला. मला माहीत होतं.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. यातली मोबाइलमुळं किती, याचा आकडा सरकारी अहवालात दरवर्षी छापला जातो आणि तो लहान असतो. मोठा आकडा 'अतिवेग' या रकान्यात असतो. माझ्या भावाचा अपघातही मोबाइलच्या रकान्यात नाही. फोन चालू होता हे पोलिसांना कुणी सांगितलं नाही. त्यानं सांगितलं नाही, कारण विमा आणि गुन्ह्याची भीती होती. मी सांगितलं नाही, कारण मला धीर झाला नाही. असे किती कॉल किती बहिणींच्या, बायकांच्या, साहेबांच्या फोनच्या यादीत असतील, हे कुठल्याच अहवालातून कळणार नाही. तुमच्या यादीत असा एखादा कॉल असेल तर मला एवढंच म्हणायचं आहे, की तुम्ही एकटे नाही, आणि आता पुढचा फोन करायच्या आधी थांबा.

आमच्या घरी आता रीत अशी आहे. फोन उचलला की पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का?" उत्तर 'हो' आलं की पुढं एकही शब्द नाही, फोन बंद. 'पटकन सांगते' नाही, 'एकच मिनिट' नाही. वारा ऐकू आला, हॉर्न ऐकू आला, तर प्रश्नही विचारायचा नाही. भावाच्या फोनवर गाडी चालवतानाची सोय चालू करून ठेवली आहे. ती काही फोनमध्ये असते. घंटी वाजत नाही, आणि फोन करणाऱ्याला आपोआप निरोप जातो, की मी गाडी चालवतोय, पोचलो की फोन करतो. पहिल्या आठवड्यात आईला तो निरोप आला तेव्हा ती घाबरली होती. आता तो आला की ती देवापुढं दिवा लावते आणि कामाला लागते.

तुमच्याकडं माझं मागणं इतकंच आहे. आज संध्याकाळी तुमच्या घरचं कुणी रस्त्यावर असेल, तर त्याला फोन करू नका. तो पोचल्यावर त्याचा फोन येऊ द्या.

आपली,
एसटी चालकाची मुलगी, एक शिक्षिका
सातारा जिल्हा